क्यू१० विरुद्ध क्लासिक: बटणांचे दोन बंद पडलेले फोन कामाला लावताना

काम काय: ब्लॅकबेरी क्यू१० आणि ब्लॅकबेरी क्लासिक (क्यू२० म्हणूनही ओळखतात) यांतला कोणता फोन आज केवळ लिहिण्यासाठी ठेवण्यासारखा आहे ते पाहणे. दोन क्यू१० पैकी निकामी झालेल्या एकाचा कीबोर्ड काढून यूएसबीवर चालवणे हे मूळ यादीत नव्हते. ते का वाढले, ते ११ जानेवारीच्या नोंदीत आहे.

खर्चाच्या जागी वाया गेलेले तास आणि सुटे भाग लिहिले आहेत.

४ जानेवारी. आधी तपासणी (१ तास)

क्यू१० दोन, क्लासिक एक. सगळे वापरलेले.

कागदावर दोघांत फरक थोडाच. क्यू१० २०१३ चा, क्लासिक डिसेंबर २०१४ चा, पण प्रोसेसर तोच: १.५ गिगाहर्ट्‌झचा दुहेरी गाभ्याचा स्नॅपड्रॅगन एस४ प्लस. रॅम २ जीबी, साठवण १६ जीबी, पडदा ७२० × ७२०, हेही सारखेच. क्यू१० चा पडदा ३.१ इंची अ‍ॅमोलेड, क्लासिकचा ३.५ इंची एलसीडी. वजन १३९ आणि १७७ ग्रॅम. त्यामुळे वेगाची तुलना करत बसलो नाही. दीड वर्ष नवा म्हणून क्लासिक चपळ असेल असे धरून कोणी घेत असेल, तर घेऊ नये.

खरा फरक कीबोर्डच्या डोक्यावर आहे. क्लासिकला कॉल, मेनू, बॅक, एंड ही चार बटणे आणि मधोमध ऑप्टिकल ट्रॅकपॅड आहे. क्यू१० वर तिथे काहीच नाही, सगळे बोटाने पडद्यावर.

अ‍ॅमोलेड पडदा पांढऱ्या पानावर नीट पाहून घ्यावा. एका क्यू१० वर स्थितीपट्टीची सावली कायमची उमटलेली निघाली. काळ्या पानावर ती दिसतच नाही.

५ जानेवारी. बॅटऱ्या (२ तास, त्यातला दीड वाट पाहण्यात)

क्यू१० ची एनएक्स१ बॅटरी २१०० एमएएचची, मागचे झाकण सरकवले की हातात येते. सपाट काचेवर ठेवून फिरवली. गरगर फिरली म्हणजे पोट सुटले आहे, आणि अशी बॅटरी परत फोनमध्ये घालायची नाही. दोनपैकी एक तशीच निघाली, बाद केली.

दुसरी पूर्ण रिकामी होती. फोनला चार्जर लावला की लाल दिवा लुकलुकायचा, फोन सुरू होऊ पाहायचा आणि मध्येच मरायचा. बीबी१० (या फोनांची कार्यप्रणाली) सुरू व्हायला मिनिटभराहून जास्त घेते आणि तेवढा वेळ मृतप्राय बॅटरी तग धरत नाही. बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर २० मिनिटे ठेवली, मग फोन पहिल्या झटक्यात उठला. हे आधी सुचले असते तर दीड तास वाचला असता.

क्लासिकची २५१५ एमएएचची बॅटरी आत बंद आहे. ती फुगलेली नाही, पाठ कुठे उचललेली नाही, म्हणून उघडला नाही. चालता फोन केवळ कुतूहलापोटी उघडणे हा जुन्या फोनांच्या मृत्यूचा मोठा मार्ग आहे.

११ जानेवारी. एक फोन गमावला (४ तास)

ही नोंद नीट वाचावी.

दुसऱ्या क्यू१० ला पासवर्ड होता आणि तो माहीत नव्हता. बीबी१० वर दहा वेळा चुकीचा पासवर्ड घातला की फोन स्वतःला पुसतो. तेच हवे होते, म्हणून मुद्दाम दहा चुका केल्या. फोन पुसला गेला, पुन्हा उभा राहिला आणि ब्लॅकबेरी आयडी मागू लागला. आधीच्या मालकाने ब्लॅकबेरी प्रोटेक्ट (चोरीविरोधी कुलूप) चालू ठेवले होते. त्या आयडीची पडताळणी करणारी सेवाच ४ जानेवारी २०२२ रोजी बीबी१० साठी बंद झाली. म्हणजे आता योग्य आयडी सापडला तरी दार उघडणार नाही. फर्मवेअर पुन्हा चढवूनही तीच पाटी समोर आली.

योग्य क्रम असा: फोन घेताना तो सुरू असलेला, पासवर्ड ज्ञात असलेलाच घ्यावा. सेटिंग्जमध्ये ब्लॅकबेरी प्रोटेक्ट बंद आहे का पाहावे. ते बंद असेल तरच सिक्युरिटी वाइप करावे (पुष्टीसाठी ‘ब्लॅकबेरी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करावा लागतो). प्रोटेक्ट चालू असेल तर पुसू नये, हाताने एकेक खाते काढावे.

उरलेल्या दोन्हींवर बीबी१० ची १०.३.३ ही आवृत्ती आहे की नाही पाहिले. क्लासिकवर होते. चालत्या क्यू१० वर जुनी आवृत्ती होती, ऑटोलोडरने (संगणकावरून फोनवर कार्यप्रणाली चढवणारा प्रोग्राम) नवी चढवली. ऑटोलोडर सगळा डेटा पुसतो आणि मध्येच केबल हलली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टला आखूड केबल लावली. यूएसबी हबमधून दोनदा तुटले होते.

निकामी क्यू१० आता सुट्या भागांसाठी.

१२ जानेवारी. जाळ्याशी जोडणी (२ तास)

दोन्ही फोन विमान मोडमध्ये, फक्त वाय-फाय चालू. ब्राउझरमध्ये निम्म्या संकेतस्थळांवर प्रमाणपत्राची तक्रार. आधी तारीख तपासली, बरोबर होती. कारण दुसरे: लेट्स एन्क्रिप्टची (संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रे देणारी संस्था) प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकली होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, आणि नवे मूळ या फोनांत नाही. ‘आयएसआरजी रूट एक्स१’ ची फाइल संगणकावरून कार्डावर टाकली, सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात प्रमाणपत्रे उघडून आयात केली. बरीच स्थळे उघडू लागली. जी फक्त टीएलएस १.३ (सुरक्षित जोडणीची नवी पद्धत) मागतात ती उघडणार नाहीत, त्यावर उपाय नाही.

मेल: खाते जोडताना साधा मार्ग घेऊ नये. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मधून आयमॅप निवडून सर्व्हर, पोर्ट ९९३ आणि एसएसएल हाताने भरावे. दुहेरी पडताळणी असलेल्या खात्याला अ‍ॅपसाठीचा वेगळा पासवर्ड लागतो.

अ‍ॅपचे दुकान, ब्लॅकबेरी वर्ल्ड, २०१९ अखेरच बंद झाले. अँड्रॉइडचा जो थर आत आहे तो ४.३ चा. त्यावर आज चालणारे काही शोधण्यात एक तास घालवला, तो फुकट. फोनमध्ये आधीपासून असलेले डॉक्युमेंट्स टू गो लिहायला पुरते.

१८ जानेवारी. टाइप करून तुलना (दिवसभर, तुकड्यांत)

एकच मजकूर दोन्हींवर टाइप केला. मग त्यात मुद्दाम पेरलेल्या चाळीस चुका सुधारल्या. या दोन कामांचे निकाल वेगवेगळे आले, म्हणून ती वेगळी करून पाहावीत.

नुसत्या टाइपिंगमध्ये फरक नगण्य. दोन्हींच्या ओळी सरळ, मध्ये धातूच्या पट्ट्या, प्रत्येक बटणाला बोट ओळखेल असा उतार. क्लासिक थोडा रुंद असल्याने अंगठे मोकळे राहतात, पण तो वरून जड आहे: ट्रॅकपॅडच्या पट्ट्यामुळे पडदा वर सरकला आहे आणि खालच्या ओळीवर टाइप करताना फोन पुढे कलतो. क्यू१० हातात नेमका तोललेला बसतो. झोपून लिहायचे असेल तर क्यू१०.

चुका सुधारताना मात्र क्यू१० मागे पडला. शब्दाच्या मध्ये कर्सर न्यायचा म्हणजे अंगठा बटणांवरून उचला, पडद्यावर टेकवा, वर्तुळ ओढा, एक अक्षर पुढे गेले की परत ओढा. क्लासिकवर अंगठा जागेवरून दोन सेंटिमीटर वर जातो, ट्रॅकपॅडवर एक टिचकी म्हणजे एक अक्षर. शिफ्ट दाबून सरकवले की निवड होते. त्याच चाळीस चुकांना क्लासिकवर निम्म्याहून कमी वेळ लागला, आणि तिसऱ्या पानानंतर क्यू१० वर चुका तशाच सोडून पुढे जायची सवय लागली, जी मला जास्त घातक वाटते.

ब्लॅकबेरी हबमधले (सगळे संदेश एकत्र दाखवणारी पेटी) एका बटणाचे शॉर्टकट दोन्हींवर चालतात: सी नवा संदेश, आर उत्तर, एफ पुढे पाठवणे, टी सर्वात वर, बी सर्वात खाली.

बटणांबद्दल या फोनांची जी ख्याती आहे ती खरी, पण लिहिण्यासाठी फोन निवडताना बटणे बघू नयेत, कर्सर कशाने हलतो ते बघावे.

१९ जानेवारी. लिहिलेले बाहेर काढणे (३ तास)

वाय-फायवरून फाइल पाहण्याची सोय दोन्हींत आहे, पण ती जुन्या एसएमबी१ पद्धतीची, आणि नव्या विंडोजमध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. संगणकावर ती चालू करणे म्हणजे एका जुन्या फोनसाठी घराचे मागचे दार उघडे ठेवणे. केले नाही.

मायक्रोएसडी कार्ड काढून वाचकात घातले, कोरे दिसले. फोनमध्ये कार्डाचे एन्क्रिप्शन चालू होते. आधी फोनमध्येच ते बंद करावे, उलगडणे पुरे होऊ द्यावे, मगच कार्ड काढावे. क्यू१० चे कार्ड झाकणाखाली, क्लासिकचे बाजूच्या खाचेत, पिन लागते. रोज कार्ड काढायचे असेल तर क्यू१० सोयीचा. त्याला मिळालेला हा एक गुण.

२५ जानेवारी. निकामी क्यू१० चा कीबोर्ड (३ तास)

कीबोर्ड हा स्वतंत्र भाग आहे, एका कनेक्टरने मुख्य बोर्डाला लागतो. कनेक्टर हिरोसेचा बीएम१४बी मालिकेतला, २४ टोकांचा, टोकांमधले अंतर ०.४ मिलिमीटर. त्यावर हाताने तारा जोडण्याचा विचारही करू नये. जोडीचा कनेक्टर आणि त्यासाठी छोटा बोर्ड लागतोच.

बटणांचे जाळे ५ स्तंभ आणि ७ ओळींचे, एकूण ३५ बटणे. हाताने तपासलेला नकाशा, प्रत्येक स्तंभात ओळ ० ते ६ या क्रमाने (सिम म्हणजे चिन्हांचे बटण):

स्तंभ ०: क्यू, डब्ल्यू, सिम, ए, ऑल्ट, स्पेस, माइक
स्तंभ १: ई, एस, डी, पी, एक्स, झेड, डावी शिफ्ट
स्तंभ २: आर, जी, टी, उजवी शिफ्ट, व्ही, सी, एफ
स्तंभ ३: यू, एच, वाय, एंटर, बी, एन, जे
स्तंभ ४: ओ, एल, आय, बॅकस्पेस, डॉलर, एम, के

म्हणजे १२ तारा. उरलेल्या टोकांवर मागचा उजेड, माइक आणि ग्राउंड. माइकच्या तारा सोडून दिल्या.

१ फेब्रुवारी. बोर्ड उलटा (एक आठवडा आणि पाच बोर्ड वाया)

मागवलेले बोर्ड आले, कनेक्टर बसवला, एकही बटण जागेवर नाही. कनेक्टरचा नकाशा कीबोर्डच्या बाजूने पाहून काढला होता आणि तसाच बोर्डावर ठेवला. समोरासमोर बसणाऱ्या जोडीत एकाची डावी बाजू ती दुसऱ्याची उजवी. पाचही बोर्ड आरशातले.

पुन्हा मागवण्याआधी नकाशा कागदावर एकास एक छापला आणि कीबोर्ड त्यावर पालथा ठेवून मिळवला. पाच मिनिटांचे काम, पहिल्याच वेळी करायला हवे होते.

कनेक्टर जोडताना: आधी भरपूर फ्लक्स, पॅडवर सोल्डर पेस्टचा अगदी पातळ थर, गरम हवा. पेस्ट जास्त झाली की शेजारची टोके जुळतात. जुळलेली टोके फ्लक्स लावून स्वच्छ टोकाच्या सोल्डरिंग इस्त्रीने ओढली की सुटतात. प्लॅस्टिक वितळू लागेल इतकी हवा एका जागी धरू नये. एक कनेक्टर असाच वाकडा झाला.

८ फेब्रुवारी. बटणे वाचणे (५ तास)

एटीमेगा३२यू४ या मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड घेतला, कारण तो संगणकाला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो आणि १२ तारा अधिक उजेडाची एक एवढी टोके त्याला आहेत. ओळींच्या सात टोकांना चिपमधलेच पुल-अप (टोक मोकळे असताना ते ‘हाय’ ठेवणारे रेझिस्टर), स्तंभ एकेक करून खाली ओढायचा, ओळी वाचायच्या.

तीन चुका झाल्या.

पहिली: जो स्तंभ वाचायचा नाही तो ‘हाय’ ठेवला. एकाच ओळीतली दोन बटणे दाबली की एक हाय आणि एक लो असे दोन आउटपुट थेट एकमेकांना भिडतात. न वाचायचा स्तंभ आउटपुट म्हणून ठेवायचाच नाही, इनपुट करून मोकळा सोडायचा.

दुसरी: स्तंभ खाली ओढल्याबरोबर ओळी वाचल्या. आधीच्या स्तंभाचे दाबलेले बटण पुढच्या स्तंभातही दिसू लागले, कारण चिपमधले पुल-अप दुबळे असतात आणि तार वर चढायला वेळ घेते. मध्ये १० मायक्रोसेकंद थांबल्यावर बंद झाले. बटण स्थिर मानण्याआधी ५ मिलिसेकंद वाट पाहिली, नाहीतर एका दाबात दोन अक्षरे.

तिसरी सर्वात वाईट: एका चुकीच्या तुलनेमुळे एंटर कायम दाबलेले राहिले. बोर्ड संगणकाला लावला की तो एंटरचा भडिमार सुरू करायचा, आणि नवा प्रोग्राम चढवायला खिडकीच टिकेना. रीसेट आणि ग्राउंड झटपट दोनदा जोडले की बूटलोडर (नवा प्रोग्राम चढवून घेणारा भाग) ८ सेकंद थांबतो, त्या वेळात प्रोग्राम चढवला. आता सुरुवातीलाच अट घातली आहे: बोर्ड लावताना बॅकस्पेस दाबलेले असेल तर कीबोर्डचा भाग सुरूच करायचा नाही. हे पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत लिहावे.

उजेडासाठी १०० ओमचा रेझिस्टर आणि खालच्या बाजूला एन-चॅनल मॉसफेट (विजेवर चालणारा स्विच), पीडब्ल्यूएम टोकावर, म्हणजे झटपट चालू-बंद करून तेज कमीजास्त करता येते. अंधारात पाव तेज पुरते.

यूएसबीचे सॉकेट बोर्डावर नुसते वरवर चिकटलेले असते. दोन दिवसांत हलू लागले. तुटायच्या आत भोवती इपॉक्सी भरला.

९ फेब्रुवारी. भुते (२ तास)

या जाळ्यात डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नाहीत. आयताचे तीन कोपरे दाबले की चौथा आपोआप दाबल्यासारखा दिसतो. उजवी शिफ्ट धरून ए आणि लगेच टी दाबा: शिफ्ट आणि ए एका ओळीत, शिफ्ट आणि टी एका स्तंभात, म्हणून सिम भुतासारखे उठते. डाव्या शिफ्टने तेच केले तर काही होत नाही, कारण तिची ओळ आणि तिचा स्तंभ दोन्ही वेगळे.

प्रोग्राममध्ये उपाय: कोणत्याही दोन स्तंभांत त्याच दोन किंवा जास्त ओळी एकाच वेळी दाबलेल्या दिसल्या तर नवे बटण मोजायचे नाही, हात उचलेपर्यंत थांबायचे. सोबत शिफ्ट चिकट केली: एकदा दाबून सोडायची, पुढच्या एका अक्षराला लागू. फोनवर ती तशीच चालते, आणि त्याचे एक कारण आता समजते.

१५ फेब्रुवारी. देवनागरी (६ तास, सगळ्यात जास्त खाजवलेले डोके)

संगणकावर इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण कीबोर्ड मांडणी) निवडले. बोर्ड फक्त कोणते बटण दाबले एवढे सांगतो, अक्षर संगणक ठरवतो. त्यामुळे क, त, र, प, मात्रा, हलन्त सगळे पहिल्या फटक्यात आले. मग ‘चटई’ टाइप करायला घेतली आणि अडलो. इनस्क्रिप्टमध्ये च अर्धविरामावर, ट अवतरणावर, ड चौकोनी कंसावर, य तिरप्या रेघेवर. फोनच्या २६ अक्षरबटणांत यातले एकही नाही. य नसलेला मराठी कीबोर्ड कोणाच्या उपयोगाचा?

बरीच उलटापालट करून ठरलेली मांडणी: डॉलर म्हणजे य, माइक म्हणजे च, उजवी शिफ्ट म्हणजे ट, सिम म्हणजे ड. चिकट डावी शिफ्ट लावली की तिथेच छ, ठ, ढ. ण (शिफ्ट-सी), ळ (शिफ्ट-एन), श (शिफ्ट-एम) आधीपासूनच आवाक्यात होते.

ऑल्टच्या थरात अंक छापल्याप्रमाणेच ठेवले: डब्ल्यू, ई, आर वर १ ते ३, एस, डी, एफ वर ४ ते ६, झेड, एक्स, सी वर ७ ते ९. शून्य माइकवर. ते हलवले तर छापलेली चिन्हे खोटी ठरतात. अंक नसलेल्या जागी ऑल्ट-टी ला ृ, ऑल्ट-क्यू ला ॅ, ऑल्ट-ओ ला ॉ, आणि ऑल्ट-के ला ष. शेवटचे मुद्दाम: ‘क्ष’ म्हणजे के, डी, ऑल्ट-के, दोन्ही टोके एकाच बटणावर.

एक भूत इथेही निघाले. ‘टोच’ घाईने टाइप केले की नको तिथे ऱ्हस्व वेलांटी: ट, ो आणि च यांचा चौथा कोपरा एफ, म्हणजे ि. ९ फेब्रुवारीच्या अटीने ते थांबते, पण च उशिरा उमटतो. ट आणि ड ची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा ‘डोच’ सारखा कोणी लिहीत नाही असा शब्द अडतो आणि ‘टोच’ सुटतो. तीच ठेवली: सिमवर ट, उजव्या शिफ्टवर ड.

२२ फेब्रुवारी. सध्याची स्थिती

क्लासिक लिहिण्यासाठी रोज वापरात, विमान मोडमध्ये, कार्ड आठवड्याला एकदा बाहेर. चालता क्यू१० राखीव. त्याची उरलेली बॅटरी निम्म्यावर ठेवून बाहेर काढली आहे.

यूएसबीचा क्यू१० कीबोर्ड चालतो, पण त्याला कर्सरसाठी काहीच नाही, आणि १८ जानेवारीची तक्रार इथेही तशीच लागू. आता सुरुवात करणाऱ्याने क्लासिकचा कीबोर्ड घ्यावा: ट्रॅकपॅड त्याच भागावर आहे, आणि त्यासाठी आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरचा, यूएसबी आणि आयटूसी (चिपांमधली दोन तारांची जोडणी) दोन्ही बोलणारा तयार बोर्डही बनलेला आहे. मग १ फेब्रुवारीची नोंद त्याला वाचावी लागणार नाही.

बाकी: खोका, ऑल्टच्या थराचे स्टिकर, आणि आरशातल्या पाच बोर्डांपैकी एक चहाच्या पेल्याखाली.